मोजणे आणि संख्या कळणे

साडेतीन वर्षांचे मूल पाहुण्यांपुढे एकपासून वीसपर्यंतचे आकडे न अडखळता म्हणून दाखविते, आणि घरातील मंडळी कौतुकाने म्हणतात, 'याला वीसपर्यंत मोजता येते.' त्याच मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून 'मला यांतले चार दे' असे म्हटले, तर ते पुष्कळदा मूठभर चिंचोके उचलून आपल्या हातावर ठेवते. ते चार आहेत की नऊ आहेत याची फिकीर त्यास नसते. 'मोजून पाहा बरे' असे सांगितल्यास ते प्रत्येक चिंचोक्यावर बोट ठेवीत 'एक, दोन, तीन' असे क्रमाने मोजतेही. परंतु मोजणी 'नऊ' या शब्दावर संपली म्हणजे पाच चिंचोके परत ठेवावयास हवेत, असे त्याच्या मनात येत नाही.

हे अनवधान नव्हे, आणि मंदबुद्धीचे लक्षण तर मुळीच नव्हे. संख्यानामे क्रमाने म्हणता येणे, वस्तू मोजता येणे आणि मोजणीच्या शेवटी उच्चारलेला शब्द संपूर्ण समूहाविषयी काही सांगतो हे उमगणे, या तीन वेगवेगळ्या सिद्धी आहेत. प्रौढ माणसाच्या मनात त्या इतक्या एकजीव झालेल्या असतात की, त्या कधी काळी विभक्त होत्या याची त्यास आठवणही राहत नाही. बालकाच्या बाबतीत मात्र पहिलीपासून तिसरीपर्यंतचा प्रवास एक ते दोन वर्षांचा असतो. हा प्रवास कसा घडतो, आणि त्यात भाषेचा वाटा किती असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बालवाडीतील शिक्षिका व पहिलीचे गुरुजी या तीन गोष्टींत भेद करीत नसतील, तर घडाघडा आकडे म्हणणारे मूल हुशार आणि गप्प बसणारे मूल ढ, असा निवाडा वयाच्या पाचव्या वर्षीच होऊन जातो. आणि असे निवाडे मुलाच्या मागे फार काळ राहतात.

शब्दापूर्वीचा संख्याबोध

मूल जन्मतः संख्येच्या बाबतीत कोरी पाटी असते, ही समजूत आता टिकण्याजोगी राहिलेली नाही. गेल्या चार-पाच दशकांत तान्ह्या मुलांवर झालेल्या प्रयोगांतून दोन निरनिराळ्या शक्तींचे अस्तित्व दिसून आले आहे.

पहिली शक्ती थोड्या वस्तूंची वेगवेगळी नोंद ठेवण्याची. लिसा फायगेन्सन, सूझन केरी व मार्क हाउझर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दहा ते बारा महिन्यांच्या मुलांदेखत दोन डब्यांत एकामागून एक बिस्किटे टाकली आणि मूल कोणत्या डब्याकडे रांगत जाते ते पाहिले. एक आणि दोन, तसेच दोन आणि तीन यांमधून मुलांनी अधिक बिस्किटांचा डबा निवडला. परंतु तीन आणि चार, इतकेच नव्हे तर दोन आणि चार यांमधूनही त्यांना निवड करता आली नाही. दोन आणि चार यांतील अंतर दोन आणि तीन यांतील अंतरापेक्षा मोठे असूनही असे व्हावे, यावरून एवढे स्पष्ट होते की ही शक्ती तीनच्या मर्यादेत चालते आणि ती ओलांडली म्हणजे एकदम निकामी होते. प्रौढांतही तिची खूण सापडते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८७१ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले होते की, पेटीत फेकलेले शेंगांचे दाणे तीन-चार असतील तर एका दृष्टिक्षेपात त्यांची संख्या अचूक सांगता येते. त्यापुढे चुका सुरू होतात आणि वाढत जातात.

दुसरी शक्ती मोठ्या समूहांचा स्थूल अंदाज घेण्याची. फेइ श्यू व एलिझाबेथ स्पेल्के यांनी २००० साली दाखविले की, सहा महिन्यांचे मूल आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांत भेद करते. आठ आणि बारा यांत मात्र करीत नाही. येथे महत्त्व वजाबाकीने निघणाऱ्या अंतरास नसून गुणोत्तरास असते. वयाबरोबर ही शक्ती अधिक सूक्ष्म होत जाते आणि नवव्या महिन्याच्या सुमारास आठ व बारा यांतील भेदही मुलास जाणवू लागतो.

कॅरन विन यांनी १९९२ साली पाच महिन्यांच्या मुलांपुढे बाहुल्यांचा एक छोटा खेळ मांडला. पडद्याआड एक बाहुली असताना दुसरी तिच्यात मिळविली आणि पडदा दूर केल्यावर एकच बाहुली दिसली, तर मुले अधिक वेळ टक लावून पाहतात, असे त्यांना आढळले. यास बेरजेचे ज्ञान म्हणावे की केवळ वस्तूंची मनात ठेवलेली नोंद म्हणावे, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या वादात न शिरता एवढे म्हणावयास हरकत नाही की, या दोन्ही शक्तींपैकी एकीतही 'सात' ही संख्या नाही. पहिली तीनपलीकडे जात नाही. दुसरीला सात आणि आठ यांतला फरक कळत नाही. सात म्हणजे नेमके सात, सहाही नव्हे आणि आठही नव्हे, ही कल्पना मुलास निसर्गाकडून मिळत नाही. ती त्याला समाजाने घडविलेल्या शब्दमालिकेच्या आधाराने स्वतः उभारावी लागते.

या विधानास दूरच्या समाजांचा पुरावा मिळतो. ब्राझीलमधील अॅमेझॉनच्या अरण्यात राहणाऱ्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमकी संख्या दर्शविणारे शब्द नाहीत. पीटर गॉर्डन यांचे २००४ सालचे आणि मायकेल फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांचे २००८ सालचे संशोधन एकत्र पाहिले असता असे दिसते की, समोर मांडलेल्या वस्तूंना एकास एक जोड लावणे या लोकांस जमते. परंतु वस्तू दृष्टीआड करून तितक्याच वस्तू मांडावयास सांगितल्या की मोठ्या संख्यांच्या बाबतीत उत्तर अदमासे येते. म्हणजे संख्यानाम हे नेमकी संख्या लक्षात ठेवण्याचे आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे साधन आहे.

पियाजे आणि त्यांचे टीकाकार

बालकाच्या संख्याकल्पनेचा पद्धतशीर अभ्यास प्रथम जिनीव्हा येथील झाँ पियाजे यांनी केला. आलिना शेमिन्स्का यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४१ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. त्यांतील प्रयोगाची रीत आज सर्वपरिचित आहे. फुलदाण्यांची एक ओळ मांडून मुलास प्रत्येकीसाठी एक फूल घ्यावयास सांगावयाचे. फुले आणि फुलदाण्या सारख्याच आहेत हे मुलाने मान्य केल्यावर त्याच्यादेखत एक ओळ पसरावयाची किंवा आखडावयाची, आणि पुन्हा विचारावयाचे: 'आता सारख्याच आहेत, की एकीकडे जास्त आहेत?' चार-पाच वर्षांची मुले बहुधा लांब ओळीत जास्त आहेत असे उत्तर देतात. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही संख्येची अक्षयता सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या विचारात स्थिर होते. तोपर्यंत त्याचे मोजणे हे केवळ शाब्दिक असते, असा पियाजे यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षावर पुढे अनेक बाजूंनी आक्षेप घेण्यात आले. सूझन रोझ व मॅरियन ब्लँक यांनी १९७४ साली दाखवून दिले की, तोच प्रश्न दोनदा न विचारता मांडणी बदलल्यानंतर एकदाच विचारला तर अधिक मुले बरोबर उत्तर देतात. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला याचा अर्थ आपले पहिले उत्तर चुकले असावे, असा तर्क मूल करते. आणि आपल्या वर्गातील कोणत्याही शिक्षकास या तर्काची सत्यता पटेल. एडिंबरा येथे जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ विस्कटण्याचे काम प्रयोगकर्त्याऐवजी एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडे सोपविले. अस्वलाने केलेला पसारा हा जणू अपघात ठरला, आणि मग कितीतरी अधिक मुलांनी दोन्ही ओळी सारख्याच आहेत असे सांगितले.

या टीकेमुळे पियाजे यांचे कार्य निरर्थक ठरत नाही. मांडणीपासून संख्या अलग करणे हे मुलास खरोखरच कष्टाने साधावे लागते. परंतु मूल काय समजते आणि आपण प्रश्न कसा विचारतो या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, हा धडा या वादातून मिळाला, आणि तो पुढील संशोधनास फार उपकारक ठरला.

मोजणीच्या पोटातील तत्त्वे

रोशेल गेल्मन व चार्ल्स गॅलिस्टेल यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात मोजणीच्या क्रियेचे पृथक्करण करून तिच्यामागील पाच तत्त्वे सांगितली. पहिले एकास एक संगतीचे: प्रत्येक वस्तूस एक आणि एकच शब्द लाभला पाहिजे. दुसरे स्थिर क्रमाचे: शब्दांचा क्रम दर वेळी तोच असला पाहिजे. तिसरे समूहसंख्येचे: शेवटचा शब्द हा शेवटच्या वस्तूचे नाव नसून सर्व वस्तूंची संख्या होय. चौथे असे की, चिंचोके, माणसे, टाळ्या यांपैकी काहीही मोजता येते. आणि पाचवे असे की, कोणत्याही टोकापासून आरंभ केला तरी फलात फरक पडत नाही.

दुसऱ्या तत्त्वाचे एक सुंदर उदाहरण आपल्याच अंगणात सापडते. विटीदांडूच्या खेळात मुले 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी मोजणी करीत आली. या शब्दांचे तेलुगूतील 'ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु' या एक ते चारच्या संख्यानामांशी असलेले साम्य सहज ध्यानात येते. खेळणाऱ्या मराठी मुलास यांतील एकाही शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक नसे, तरी मोजणी बिनचूक चाले. कारण मोजणीस शब्दांचा अर्थ लागत नाही, त्यांचा ठराविक क्रम लागतो. लहान मूल 'एक, दोन, तीन, सात, नऊ' असा आपलाच क्रम बनविते आणि दर वेळी तोच पाळते, तेव्हा त्याला संख्यानामे चुकीची येत असली तरी मोजणीचे एक तत्त्व त्याच्या हाती लागलेले असते.

गेल्मन व गॅलिस्टेल यांचे मत असे की, ही तत्त्वे बालकाच्या बुद्धीत बीजरूपाने आधीच असतात आणि शब्द शिकणे हे त्या बीजास पाणी घालण्यासारखे होय. हे मत खरे असते, तर मोजू शकणाऱ्या मुलास तिसरे तत्त्व आपोआप अवगत असावयास हवे होते. लेखाच्या आरंभी वर्णिलेला चिंचोक्यांचा प्रसंग नेमका याच मताला अडचणीत आणतो.

'दे' म्हटल्याने काय कळते

'किती आहेत?' असे न विचारता 'इतके दे' असे सांगण्याची रीत कॅरन विन यांनी १९९० व १९९२ सालच्या आपल्या अभ्यासांत वापरली, आणि तीतून जे चित्र उभे राहिले ते अनेकांना अनपेक्षित होते. अडीच-तीन वर्षांच्या मुलास प्रथम केवळ 'एक' या शब्दाचा नेमका अर्थ कळतो. एक मागितल्यास ते एकच देते. दोन, तीन, पाच यांपैकी काहीही मागितल्यास मूठभर देते. मात्र ही मूठ कधी एका वस्तूची नसते. म्हणजे 'पाच' हा संख्येचाच शब्द आहे आणि तो 'एक' नव्हे, इतके त्यास ठाऊक असते. काही महिन्यांनी 'दोन'चा अर्थ निश्चित होतो, पुन्हा काही महिन्यांनी 'तीन'चा. काही मुले 'चार'पाशीही थांबतात. या सर्व काळात मूल दहापर्यंत आकडे बिनचूक म्हणत असते. आणि मग, साधारणतः साडेतीन ते चार वर्षांच्या दरम्यान, पायऱ्या चढणे संपून एकदम उडी घेतली जाते. ज्या मुलास काल तीनच देता येत होते, ते आज पाच, सहा, सात, जितके मागावे तितके मोजून देऊ लागते.

या उडीचे स्पष्टीकरण केरी यांनी २००९ सालच्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दिले. पहिल्या तीन-चार शब्दांचे अर्थ मूल वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या उपजत शक्तीच्या बळावर एकेक करून शिकते. दरम्यान अर्थशून्य असली तरी क्रमबद्ध अशी शब्दमालिका त्याच्या मुखी असतेच. एके दिवशी दोहोंमधील साम्य त्याच्या ध्यानात येते: मालिकेत एक शब्द पुढे जाणे आणि समूहात एक वस्तू वाढणे या दोन गोष्टी जोडीने चालतात. त्या क्षणी संपूर्ण मालिकेस अर्थ प्राप्त होतो.

या विवेचनात पाठांतराचे स्थान कोणते, हेही स्पष्ट होते. मालिका तोंडपाठ नसेल तर उडी घेण्यास जमीनच नाही. परंतु मालिका तोंडपाठ असणे म्हणजे उडी घेतली असणे नव्हे. येथे शिक्षकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मोजणी झाल्यावर 'किती?' असे विचारताच शेवटचा शब्द पुन्हा उच्चारावयाचा, एवढा संकेत मूल अर्थ न कळताही शिकते, असे कॅरन फ्यूसन यांनी १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. म्हणून 'किती?' या प्रश्नाचे बरोबर उत्तर हा संख्या कळल्याचा पुरावा मानता येत नाही.

पायऱ्यांचा हा क्रम भाषेनुसार बदलत नाही, वेग मात्र बदलतो. बोलिव्हियातील चिमाने या शेतीवर व शिकारीवर उपजीविका करणाऱ्या समाजातील मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथेही एक, दोन, तीन आणि मग उडी, हाच क्रम आढळला. परंतु शाळा व संख्याविषयक बोलणे यांचा संपर्क कमी असल्यामुळे तो कितीतरी उशिरा पूर्ण होत होता. याउलट २०१३ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या स्लोव्हेनियन व अरबी बोलींत द्विवचन आहे, त्या बोलणारी मुले 'दोन'चा अर्थ इंग्रजी मुलांपेक्षा लवकर शिकतात. द्विवचन वापरणाऱ्यास 'एक', 'दोन' आणि 'पुष्कळ' हा भेद प्रत्येक वाक्यात पाळावा लागतो. त्याचा लाभ बालकास मिळतो.

संस्कृतातील द्विवचन मराठीत उरले नाही, हे खरे. तथापि माणसांविषयी बोलताना आपण दोघे, तिघे, चौघे, किंवा दोघी, तिघी, चौघी अशी खास रूपे योजतो, आणि पाचापासून मात्र 'पाच जण' म्हणू लागतो. भाषेने चारपाशी ओढलेली ही रेषा आणि बालकाच्या पायऱ्या जेथे संपतात ती रेषा बहुतांशी एकच आहे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण मराठी बालकाच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यास येथे एक चांगला विषय हाती लागतो.

उडी घेतल्यानंतरही प्रवास संपत नाही. सहा पेढे असलेल्या डब्यात आणखी एक पेढा घातला, तर आता सात आहेत की आठ, असे विचारले असता नुकतीच उडी घेतलेली कित्येक मुले गोंधळतात. डेव्हिड बार्नर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ व २०१७ सालच्या संशोधनानुसार, प्रत्येक संख्येस लगतची पुढची संख्या असते आणि ती एकाने मोठी असते, हा नियम सर्व संख्यांना लागू आहे, ही जाण मोजता येऊ लागल्यानंतर काही वर्षांनी, सुमारे सहाव्या वर्षी येते. संख्या कधी संपत नाहीत, ही कल्पनाही त्याच सुमारास रुजते.

मराठी संख्यानामांचा प्रश्न

दहापर्यंतची नावे कोणत्याही भाषेत पाठच करावी लागतात. दहाच्या पुढे मात्र भाषाभाषांत अंतर पडते. चिनी भाषेत अकरास 'दहा-एक', बारास 'दहा-दोन' आणि वीसास 'दोन-दहा' असे म्हणतात. केव्हिन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली बेजिंगमधील व अमेरिकेतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांची तुलना केली. दहापर्यंत दोघांत फरक नव्हता. अकरा ते वीस या टप्प्यात अमेरिकन मुले मागे पडू लागली. मोजक्या वस्तू प्रत्यक्ष मोजण्यात मात्र दोन्हीकडची मुले सारखीच होती. अर्थात नावांच्या घडणीचा परिणाम मालिका शिकण्यावर होतो, मोजणीच्या तत्त्वांवर नव्हे.

इंग्रजी मुलाची अडचण वीसाशी बहुतेक संपते. मराठी मुलाची शंभरापर्यंत संपत नाही. तिची कारणे चार आहेत. पहिले, आपण एककाचा उच्चार आधी करतो आणि दशकाचा नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येते. त्रेपन्न ऐकताना 'तीन' आधी कानी पडतात, म्हणून मूल ३५ लिहिते. दुसरे, एककाचे रूप बदलत राहते: सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर यांत 'सात' आहे, पण तो दर वेळी वेगळा वेष घेऊन येतो. तिसरे, दशकही बदलते: पन्नास, परंतु एक्कावन्न आणि छप्पन्न, साठ, परंतु एकसष्ट, सत्तर, परंतु एकाहत्तर. चौथे कारण 'एकोण' हे होय. मूळ संस्कृत 'एकोन' म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी. एकोणतीस या शब्दात तीसाचा उच्चार होतो, पण संख्या विसाच्या घरातली असते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून भाषा नव्याण्णवपाशी तोही मोडते.

२०१९ च्या जून महिन्यात इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात 'तेवीस'बरोबरच 'वीस तीन' अशी वाचनाची रीत दिल्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद उसळला. विधानसभेतही त्याचे पडसाद उमटले, आणि विनोदाला तर ऊत आला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, जोडाक्षरांनी भरलेल्या व उलट क्रमाच्या नावांमुळे काही मुलांच्या मनात गणिताविषयी आरंभीच नावड उत्पन्न होते. जुनी नावे रद्द केलेली नसून सोपा मार्ग जोडीला दिला आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, भाषेतील शतकानुशतकांचे शब्द अशा उपायाने लोप पावतील.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात, आणि श्रुतलेखनात अंकांची अदलाबदल करण्याची चूक जर्मन बोलणाऱ्या मुलांत वारंवार दिसते. नॉर्वेत १९५१ साली अधिकृतपणे 'चार-आणि-वीस' ही रीत सोडून 'वीस-चार' ही रीत स्वीकारण्यात आली, आणि तीमागे मुलांचा नव्हे तर दूरध्वनी खात्याचा आग्रह होता. क्रमांक सांगताना होणाऱ्या चुका त्यास टाळावयाच्या होत्या. इतक्या वर्षांनंतरही तेथे जुनी रीत बोलण्यात ऐकू येते. भाषा हुकमाने मरत नाही, हा या अनुभवाचा एक अर्थ. आणि दोन रीती एकत्र नांदू शकतात, हा दुसरा.

आपल्या परंपरेसही येथे न्याय दिला पाहिजे. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी पाठ करविणाऱ्या जुन्या शाळांनी बाजारातील तोंडी हिशेबास आवश्यक असे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांना दिले. ते कौशल्य संख्येचा अर्थ कळलेल्या मुलाच्या हाती पडले म्हणजे फळे. अर्थ न कळलेल्या मुलाच्या वाट्यास त्याच उजळणीतून काय येत असे, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

काही व्यावहारिक निष्कर्ष

वरील विवेचनातून शिक्षकास व पालकास उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात. पहिली परीक्षेविषयी. मुलास संख्या कळली आहे की नाही हे पाहावयाचे तर 'म्हणून दाखव' किंवा 'किती आहेत?' एवढे विचारणे पुरेसे नाही. 'चार दे', 'आता सहा दे' असे म्हणून पाहावे. ही कसोटी घेण्यास मूठभर चिंचोके आणि पाच मिनिटे लागतात. मूल तीनपर्यंत अडले असेल, तर त्यास पन्नासपर्यंतची उजळणी देण्यापेक्षा 'चार'शी त्याची ओळख करून देणे अधिक हिताचे.

दुसरी गोष्ट बोलण्याविषयी. शिकागो येथील सूझन लेव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० व २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, ज्या घरांत दीड-दोन वर्षांच्या मुलाशी संख्यांविषयी अधिक बोलले जाते, तेथील मुलांस चौथ्या वर्षाच्या सुमारास संख्यानामांचे अर्थ अधिक चांगले कळतात. आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंविषयीचे, विशेषतः चार ते दहा वस्तूंच्या समूहांविषयीचे बोलणे अधिक गुणकारी ठरते. केली मिक्स व सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या प्रयोगात प्रथम समूहाची संख्या सांगून लगेच मोजून दाखविण्याचा विशेष लाभ दिसला. 'या बघ तीन वाट्या. एक, दोन, तीन' असे पाने मांडताना म्हणणारी आजी हेच करीत असते. त्यासाठी वेगळे साहित्य विकत आणावे लागत नाही.

तिसरी गोष्ट खेळाविषयी. गीता रामाणी व रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली दाखविले की, एक ते दहा अंकांची घरे एका सरळ रेषेत असलेला सोंगट्यांचा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी सुमारे पंधरा-वीस मिनिटे खेळलेल्या गरीब घरांतील बालकांचा संख्याबोध स्पष्टपणे सुधारला, आणि ही सुधारणा नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. अंकांऐवजी रंगांची घरे असलेला तसाच खेळ खेळलेल्या मुलांत ती दिसली नाही. आपल्या सापशिडीच्या पटावर दर दहा घरांनंतर दिशा उलटते. म्हणून अगदी लहान मुलांसाठी दहा घरांची एकच सरळ ओळ आखलेला पट अधिक सोयीचा होईल.

केंद्र सरकारने २०२१ साली आरंभिलेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. संख्याज्ञानाचे माप म्हणून आपण नेमके काय मोजणार, यावर त्याची सार्थकता अवलंबून राहील. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना येथे कामास मोठा वाव आहे. मराठी मूल 'एक', 'दोन', 'तीन' यांच्या पायऱ्या कोणत्या वयात चढते. 'दोघे', 'तिघे' ही रूपे त्यास साहाय्य करतात काय. 'वीस तीन' म्हणणाऱ्या मुलाच्या लेखनात अंकांची अदलाबदल खरोखर कमी होते काय. या प्रश्नांची उत्तरे वृत्तपत्रांतील वादांतून मिळणार नाहीत. ती अंगणवाडीच्या सतरंजीवर, मुलासमोर बसून मिळवावी लागतील. आणि तेथे बसणाऱ्याने एवढे स्मरणात ठेवावे की, समोरचे मूल मूठभर चिंचोके पुढे करते तेव्हा ते चुकलेले नसते. संख्या या कल्पनेच्या वाटेवर ते कोठवर आले आहे, हेच ते आपणांस दाखवीत असते.